हळदीचा डीजे, चार बेस चार टॉप, आणि दहाच्या आतला शेवटचा ड्रॉप

बहिणीच्या हळदीला मे महिन्यात डीजे लावला होता त्याचा रिव्ह्यू. उशीर झालाय, पण लग्न उरकलं तर आंब्याची गडबड, मग पाऊस, मग मी परत मुंबईला, राहूनच गेलं. आता गणपतीला घरी आलो तर चार जणांनी विचारलं की तुमच्याकडे हळदीला कोण आलेलं रे, शेवटी शेवटी काय वाजवलेलं, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच टाकतो. गाव हर्णैच्या अलीकडे, दापोली तालुका. डीजेवाले त्याच पट्ट्यातले, दोघं मावसभाऊ, धाकटा कन्सोलवर, म्हणजे गाणी वाजवायच्या मशीनवर असतो आणि मोठा साऊंड, लाईट, वायरिंग बघतो. नाव टाकत नाही, कारण चुका पण लिहिणार आहे आणि पोरांचं आत्ता कुठे बस्तान बसतंय, एका रिव्ह्यूवरून कुणाचं काम जायला नको. ज्याला खरंच हवेत त्याने दापोली-हर्णै बाजूला दोन ठिकाणी चौकशी केली तरी कळेल कोण ते.

रेट २८ हजार ठरला, १० हजार ॲडव्हान्स. त्यात चार डबल अठराचे बेस (खालच्या आवाजाचे खोके, एकेकात अठरा इंची दोन स्पीकर), चार टॉप (वरच्या आवाजाचे), दोन शार्पी (बारीक तीव्र झोत मारणारे लाईट), थोडे पार लाईट (रंगीत), धुराची मशीन, जनरेटर त्यांचाच, टेम्पोचं भाडं धरून. संध्याकाळी पाचला येणार होते, आले पावणेसातला. आधीच्या दिवशीचं काम लांबलं असं सांगितलं, ते असेल खरं, पण एक फोन करायला हरकत नव्हती, घरात सगळे माझ्याकडे बघत होते. आमचं घर रस्त्यापासून खाली आहे, टेम्पो वरच थांबतो आणि पाखाडीने खाली यायला लागतं, एकेक बेस म्हणजे चार माणसांचं ओझं, ते त्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून उतरवताना मी पण खांदा लावला. त्या पाऊण तासात पोरांनी एकदा पण तोंड वाकडं केलं नाही हे लिहायलाच पाहिजे.

आता मुद्द्याचं. पहिला तास मला अजिबात आवडला नाही. आवाज कमी होता का, नाही, आवाज भरपूर होता. गाणी जुनी होती का, नाही, एकदम नवीन होती. ड्रॉप जास्त होते. मी ओटीवर बसून एका वीस मिनिटांत सतरा ड्रॉप मोजले. सतरा! म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत एक. पहिल्या तीन-चारला पोरांनी उड्या मारल्या, पाचव्याला फक्त हात वर, दहाव्यापर्यंत निम्मी पोरं मांडवाच्या बाहेर पाणी पीत उभी होती आणि बायका तर कधीच मागीलदारी निघून गेलेल्या. हळद बायकांची असते हो, नवरीला हळद लावणाऱ्या काकी-आत्याच नाचायला नसतील तर त्या चार बेसचं काय करायचं.

ज्यांना ड्रॉप म्हणजे काय हे नावाने माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण ऐकलाय सगळ्यांनीच. गाणं चालू असतं, मग खालचा बेस हळूहळू काढून घेतात, ढोलाचा ठोका गायब होतो, वर एक सुंईं करत चढत जाणारा आवाज सुरू होतो, त्याच्यासोबत टाळी किंवा स्नेअर (ताशासारखा कडकडणारा ड्रम) आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट, मग नुसती गडगड, माणसं आपोआप हात वर करायला लागतात, आणि मग एक ठोका सगळं शांत. आणि त्या शांततेनंतर किक (मोठ्या ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकदम एकत्र येऊन पडतात. जो पडतो तो ड्रॉप. चढतं त्याला बिल्डअप म्हणतात. हाऊस म्युझिक, म्हणजे क्लबमधलं सरळ ठोक्याचं नाचायचं म्युझिक, साधारण १२८ बीपीएमला असतं, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके, चार ठोक्यांचा एक बार, आणि १६ बारचा बिल्डअप धरला तर ६४ ठोके, बरोबर अर्धं मिनिट. हे अर्धं मिनिट खूप असतं. ह्या अर्ध्या मिनिटात बसलेला माणूस उठतो, हातातला ग्लास खाली ठेवतो, मित्राला ओढून आत आणतो, पदर खोचतो. ड्रॉप पडतो तेव्हा सगळे जागेवर असतात.

आणि ह्या पोराच्या लॅपटॉपमध्ये काय होतं, तर सगळे एडिट केलेले रिमिक्स, ज्यात बिल्डअप चारच बारचा. चार बार म्हणजे साडेसात सेकंद. साडेसात सेकंदात ग्लास पण खाली ठेवून होत नाही. त्यात अजून एक गोष्ट जी आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक रिमिक्समध्ये असते आणि मला मनापासून खटकते, ती म्हणजे रिमिक्स करणाऱ्याचं नाव. बिल्डअप चढतो, सगळे श्वास धरून आहेत, आणि नेमक्या त्या एका शांत ठोक्यात कुठलीतरी बाई मशीनच्या आवाजात डीजे अमुक तमुक इन द मिक्स असं बोलते. अरे ती जागाच तर सगळ्यात महागाची आहे! तिथे काहीही नको. पुढे सायरन, बंदुकीचा आवाज, मग हॉर्न. ह्यातले बरेच ट्रॅक मुळात साऊंडवाल्यांच्या कॉम्पिटिशनसाठी बनलेले असतात, समोरासमोर दोन गाड्या लावून कुणाचा बेस जास्त हालवतो ते दाखवायला. तिथे ठीक आहे. हळदीला समोर दुसरी गाडी नाही, समोर माझी आजी आहे.

जेवायच्या ब्रेकला मी त्या धाकट्याजवळ जाऊन बसलो. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, तो बिचारा दुपारपासून उपाशी. मी रागावून काही बोललो नाही, फक्त विचारलं की बाबा एवढे लवकर लवकर ड्रॉप का देतोयस. तो म्हणाला, "दादा, लवकर नाय दिला तर पोरं बोंबलतात, गाणं बदल म्हणतात. सगळ्यांना रीलमधला तुकडाच पायजे." खोटं नाही त्याचं. मागणी तशीच येते, वीस वेळा कुणीतरी मोबाईल घेऊन कन्सोलवर येतं आणि पंधरा सेकंदाचा तुकडा दाखवून हेच लाव म्हणतं. पण मी त्याला म्हटलं, ओरडणारी पोरं पाच आहेत, मांडवातून निघून गेलेल्या बायका पस्तीस आहेत, त्या सांगायला येत नाहीत, त्या नुसत्या निघून जातात. हे त्याला पटलं. खरंच पटलं, कारण त्याने हात धुतले आणि मला कन्सोलमागे बोलावून फोल्डर उघडून दाखवले, म्हणाला पूर्ण लांबीची गाणी पण आहेत माझ्याकडे, कुणी ऐकून घेत नाही म्हणून वाजवत नाही.

मी स्वतः डीजे नाही पण हे म्युझिक कॉलेजपासून ऐकतोय, गोव्याला सनबर्न ह्या म्युझिक फेस्टिव्हलला पण जाऊन आलोय, तो २००७ ला कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला. त्याच्या आधीपासून हणजुण्याला ट्रान्सच्या (एकसारख्या ठोक्यावर लांबत जाणारं इलेक्ट्रॉनिक म्युझिक) रात्री व्हायच्या, गोवा ट्रान्स हे नावच तिथून जगभर गेलं, आणि त्यात एकेक ट्रॅक सात-आठ मिनिटांचा, घाई कशाचीच नाही. लोकांना वाटतं ड्रॉप हे कालपरवाचं खूळ आहे. तसं नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवले, आणि त्याच्या लक्षात आलेलं की गाणं थांबून नुसता ड्रम उरतो त्या तुकड्याचीच लोक वाट बघत असतात, म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर (तबकड्या वाजवायच्या मशीनवर) लावून तो तुकडा लांबवायचा. पुढे शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स नावाचा डीजे तासन्‌तास लोकांना नाचवायचा, हाऊस हे नाव त्याच क्लबवरून आलं असं म्हणतात. नव्वदीत ट्रान्सवाल्यांनी मधला ड्रम पूर्ण थांबवून नुसत्या सुरांचा लांब पट्टा घातला, आणि २०१० च्या आसपास स्क्रिलेक्स वगैरे डीजे आले तेव्हा ड्रॉप हाच गाण्याचा मुखडा झाला, गायक बाजूला आणि बेसच गातोय असं. म्हणजे पन्नास वर्षं झाली, माणसं एकच काम करतायत, ठोका काढून घ्यायचा आणि योग्य वेळेला परत द्यायचा. काढून घेतलाच नाही तर परत काय देणार?

आणि हे आपल्याला कुणी शिकागोहून येऊन शिकवायची गरज नाही. शिमग्याला पालखी सहाणेवरून (देवाची पालखी बसवतात तो चौथरा) उठते तेव्हा ढोलवाले काय करतात? आधी सावकाश. पालखी खांद्यावर स्थिर होते, मग ढोल चढतो, मग एका जागी येऊन थांबल्यासारखा होतो आणि पुढच्या ठोक्याला पालखी डोक्यावर जाते आणि सगळी वाडी ओरडते. भजनात पण तेच, अभंग विलंबित सुरू होतो, गजर चढत चढत जातो, टाळ दुप्पट, पखवाज दुप्पट, बुवा एका जागी अडवून धरतो आणि मग सोडतो, तेव्हा म्हातारी माणसं पण गुडघ्यावर उठून टाळ्या वाजवतात. गणपतीच्या आरत्या संपताना ताल कसा पळतो ते लहान पोराला पण माहितीये. बुवा दर सव्वा मिनिटाला गजर करायला लागला तर त्या मंडळाला सुपारी कोण देईल.

ब्रेकमध्येच साऊंडचं पण बोलणं झालं आणि इथे मोठ्या भावाला फुल मार्क. पहिल्या तासात दोन बेस मांडवाच्या ह्या टोकाला आणि दोन त्या टोकाला लावलेले, त्यामुळे बरोबर मधोमध उभं राहिलं तर छातीत धडधड आणि चार पावलं बाजूला सरकलं की बेस गायब, परत दोन पावलं पुढे गेलं की हजर. लांब लांब ठेवलेल्या दोन बेसच्या लाटा काही ठिकाणी एकमेकांना मारतात म्हणून असं होतं. वर आमच्या घराच्या भिंतीला लागून ठेवल्यामुळे एका ठराविक सुराला कौलं कडकड वाजायची आणि माळ्यावरची धूळ ओटीवर पडायची, आजीच्या ताटात पडली. मी म्हटलं तोंड फिरवून ठेवूया का, तर मोठा म्हणाला, "दादा, टॉप फिरवला तर आवाज फिरतो, बेसचं तसं नाय, तो चहूबाजूला जातो. लांबच न्यायला लागंल." बरोबर आहे, ५० हर्ट्झच्या, म्हणजे एकदम खालच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला ह्या भिंती-खांबाचं काही वाटत नाही. मग जेवणं चालू असताना त्या दोघांनी आणि आमच्या वाडीतल्या पोरांनी चारही बेस उचलून खळ्याच्या पलीकडच्या कडेला, गोठ्यापासून पण लांब, एकाला एक चिकटवून एका ओळीत लावले. काय फरक पडला! कौलं गप्प, मांडवात सगळीकडे सारखा बेस, आणि एकत्र असल्यामुळे तेवढ्याच वीजेत जोर उलट जास्त. हे त्यांनी आल्या आल्या करायला पाहिजे होतं, पण सांगितल्यावर करणारे पण कमीच असतात, बरेच जण तोंडावर सांगतात की आम्ही नेहमी असंच लावतो.

दुसरी गोष्ट मिक्सरवरचे लाल दिवे. पहिला तास ते सतत लाल. प्रत्येक ड्रॉपला आवाज थोडा वाढवायचा, परत खाली आणायचा नाही, आठ-दहा ड्रॉप झाले की मशीनचा वरचा टोक गाठलेला असतो, त्याच्यावर आवाज जातच नाही, फक्त चपटा होतो, फाटतो. मग बिल्डअप आणि ड्रॉप दोन्ही सारख्याच आवाजाचे. भिंतीला डोकं लावून उंच उडी मारता येते का. धाकट्याने सगळं खाली आणलं, दिवे हिरव्यात, आणि मला म्हणाला आता वाजवतो बघा.

जेवणानंतर त्याने सुरुवात केली ती एका कोळीगीताने, आणि रिमिक्स नाही, जसं आहे तसं. हे मला फार आवडलं. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका झुलता असतो, सहा मात्रांचा, होडी डुलल्यासारखा, आणि रिमिक्सवाले त्याच्यावर सरळ चार ठोक्यांची किक ठोकतात त्यात तो झोलच मरून जातो. तो झोल आला आणि मागीलदारच्या बायका पुढे आल्या. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. काकी, आत्या, शेजारच्या वाडीतल्या दोघी-तिघी, हळदीने पिवळे झालेले हात तसेच वर करून. मग तीन-चार गाणी तशीच, मग हळूच खाली किक आली, मग एक ड्रॉप, फक्त एक, लांब चढवून. पंचवीस मिनिटांत त्याने तीन ड्रॉप दिले असतील. तीनच. आणि तिन्ही वेळेला आख्खा मांडव उडाला.

शेवटचा मी आयुष्यात विसरणार नाही. पावणेदहा झालेले. आम्ही परवानगी दहापर्यंतची घेतलेली आणि पोलीस पाटील स्वतः पाहुण्यांत बसलेले, त्यामुळे दहाला बंद म्हणजे बंद, तो नियम देशभर सारखाच आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, राज्य सरकार सणासुदीला वर्षातले काही दिवस १२ पर्यंत सूट देतं तेवढंच. मी धाकट्याला सांगितलं एकच शेवटचं दे पण सावकाश दे. त्याने ढोलाचा एक लूप, म्हणजे परत परत फिरणारा तुकडा काढला. नंतर कळलं तो शिमग्याला त्यानेच त्यांच्या गावची पालखी नाचवताना मोबाईलवर घेतलेला, मागे लोकांचा आवाज पण येत होता. तो ढोल नुसता, खाली काहीच नाही. बेसचा नॉब त्याने पूर्ण डावीकडे फिरवून ठेवलेला, अंगठा आणि बोट त्याच्यावर तसंच. दुसऱ्या हाताने फिल्टर (दबलेला आवाज मोकळा करायचा नॉब) हळूहळू उघडत होता, एवढा हळू की हात हलतोय हे जवळून बघितलं तरच कळावं. मी त्याच्या बाजूला उभा होतो म्हणून बघितलं, घामाने बोट घसरत होतं तर त्याने मध्येच नॉब सोडून शर्टाला पुसलं आणि परत तिथेच ठेवलं.

आमचे तात्या, वय सत्तरच्या पुढे, तरुणपणी खालू बाज्यात (कोकणातला ढोल-सनईचा ताफा) ढोल वाजवायचे, पूर्ण संध्याकाळ ओटीवर कान झाकून बसलेले. ढोल ऐकून ते उठून खाली आले. कन्सोलच्या टेबलाला हात टेकून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताने मांडीवर मात्रा मोजायला लागले. बिल्डअप चढतोय, मांडवात आवाज चढतोय, तात्यांची बोटं मांडीवर. सोळाव्या बारला ते मला म्हणाले, "आता पडल बग." आणि पडला नाही! पोराने लूप परत फिरवला, अजून आठ बार, म्हणजे अजून पंधरा सेकंद. तात्या एवढे हसले, "फसवलान काय!" आणि परत मोजायला लागले. ह्या पंधरा सेकंदांत मी मांडवाकडे बघितलं, नवरी मध्ये, तिला सगळ्या बायकांनी गोल करून धरलेलं, पोरं खुर्च्यांवर चढलेली, एक जण पण मोबाईलमध्ये बघत नव्हता. मग सगळं थांबलं. एक ठोका. कुणाचंही नाव आलं नाही, सायरन नाही, रातकिडे ऐकू आले इतकं शांत. तात्यांची हाताची मूठ वळली आणि त्याच क्षणी पोराने बेसचा नॉब परत फिरवला.

पुढचं काय लिहू. आत्या रडली. मी पण.

नऊ अठ्ठावन्नला त्याने आवाज हळूहळू खाली आणून बंद केला, कुणी सांगायला लागलं नाही. "अजून एक, अजून एक" चालू होतं, एक-दोघं कन्सोलवर हुज्जत घालायला पण आले, पोराने हात जोडले आणि मेन स्विच काढला. ह्याला पण फुल मार्क, आमच्या वाडीत दोन घरांत तान्ही पोरं आहेत आणि एक आजोबा हार्टचे आहेत, आणि मुळात वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, ती चार बेस लावून तशीही पाळली जात नाही हे खरं आहे आणि ह्याचा विचार आपण सगळ्यांनीच करायला पाहिजे, मी पण. पुढच्या वेळी दोनच बेस सांगणार आहे. नीट लावले तर दोन पुरतात हे आता डोळ्यांनी बघितलंय.

तक्रारी राहिल्या त्या लिहितो. उशिराचं सांगितलंच. सगळ्यात गंभीर म्हणजे वायरिंग. नवरीच्या हळदीच्या अंघोळीचं पाणी वाहून जातं त्याच वाटेवरून मेन केबल टाकलेली, जोड नुसता काळ्या टेपचा, आणि पोरं अनवाणी. मी बघितलं म्हणून उचलून मांडवाच्या खांबावरून वर घेतली, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. मोठ्याला बेसचं एवढं कळतं तर हे पण कळायलाच पाहिजे, बोर्डावर गळती झाली की लगेच तोडणारा ट्रिप स्विच बसवून घे म्हणून मी त्याला तिथेच सांगितलं, आणि गेल्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला, बसवलाय. धुराची मशीन आजीच्या खुर्चीच्या बाजूला होती, तिला खोकल्याचा त्रास आहे, ती पण सांगून हलवायला लागली. शार्पी सरळ लोकांच्या डोळ्यांत मारत होते, ते वर झावळ्यांकडे फिरवल्यावर मांडव काय सुंदर दिसला.

एक काळजी त्या धाकट्याची वाटते. बावीस वर्षांचा आहे, सीझनला महिन्याला पंधरा-वीस कामं, दर कामाला चार तास त्या टॉपच्या बाजूला, कानात काही नाही, आणि हेडफोन पण फुल. मी माझ्या मोबाईलवर मोजलं तर कन्सोलपाशी १०० च्या वर दाखवत होतं, मोबाईलचं माप काही पक्कं नसतं पण अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ ला क्लब आणि कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं त्यात सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा धरलीये, आणि ती येऊन-जाऊन असणाऱ्या प्रेक्षकांसाठी, रोज काम करणाऱ्यासाठी नाही. कामगारांसाठी आठ तासाला ८५ धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं! मी त्याला म्युझिशियन लोक वापरतात ते इअरप्लग पाठवलेत, ते वरचा-खालचा सगळा आवाज सारखाच कमी करतात, नुसता वरचा बारीक आवाज कापून टाकत नाहीत. कान गेले तर ती शांत ठोक्याची जागा त्याला ऐकू कशी येणार.

बुकिंग करणाऱ्यांना माझं सांगणं, डीजे ठरवताना किती बेस किती लाईट एवढंच विचारू नका. विचारा की रिमिक्स कुठले, पूर्ण गाणी आहेत का, घरच्या बायकांची चार गाणी आधी देऊन ठेवा, आणि पहिला तास ड्रॉप कमी ठेव असं स्पष्ट सांगा. गाणं बदल म्हणणाऱ्यांना कन्सोलपर्यंत जाऊ देऊ नका, तिथे घरातलं एक माणूस उभं करा, आम्ही जेवणानंतर माझ्या मामेभावाला उभं केलेलं, त्याने सगळ्यांना गोड बोलून परत पाठवलं. आणि जागा आधी दाखवा, फोटोवर नाही, प्रत्यक्ष बोलवून, पाखाडी किती आहे, गोठा कुठे, पाणी कुठून जातं.

पाचपैकी चार. पहिल्या तासाला दोन आणि शेवटच्या तासाला सहा दिले असते.

डिसेंबरला चुलतभावाची हळद आहे, ह्यांनाच सांगितलंय, ५ हजार ॲडव्हान्स दिलाय. परवा गौरी आणल्या त्या दिवशी धाकटा घरी आलेला, दोन माइक घेऊन, तात्यांना पडवीत बसवून त्यांच्याकडून ढोल वाजवून घेतला. तासभर चाललेलं. तात्या मध्येच थांबून त्याला समजावत होते की थापी कुठे मारायची आणि कुठे हात नुसता उचलून धरायचा.